त्रेचाळीस नंबरची हजेरी

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकतो, मी खोटं बोललो आहे. एकदा-दोनदा नाही, तीन वर्षं आणि वर चार महिने, आठवड्याची सुट्टी सोडली तर रोज सकाळी सात वाजता. एवढ्याशा पितळेच्या चकतीला खोटं बोलता येतं का, असं तुम्ही म्हणाल. येतं हो. नुसतं खिळ्याला लटकून राहिलं तरी बोलता येतं.

मी हजेरीचा बिल्ला. जुन्या रुपयाहून थोडा मोठा, वर दोरा ओवायला भोक, आणि पोटावर ठोकलेला आकडा, ४३. त्यातला तीन जरा तिरका आहे. पुण्याच्या तांबट आळीत एका फुटक्या पितळी तांब्याच्या पत्र्यातून मला कापलं, तेव्हा ठोकणाऱ्याला शिंक आली. सत्तर बिल्ले होते आम्ही. सगळ्यांना एका पिशवीत भरून मोटारीच्या टपावरून पौडला आणलं आणि तिथून बैलगाडीनं माले गावाच्या अलीकडच्या कौलांच्या कारखान्यात. छप्पन साल होतं ते.

कारखाना म्हणजे काय, तर मुळेकाठची चिकणमाती खणायची खाण, माती दाबून मंगलोरी कौलं काढायचं यंत्र, ओली कौलं वाळत घालायचा लांबलचक मांडव आणि एक भट्टी. मालक पुण्यात राहायचे. इथला सगळा कारभार हैबतरावांच्या हातात. जवळच्याच गावचे, जमीनजुमल्याचे, बोलायला गोड. अन् हजेरीला भिवाजी कारकून. सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, अक्षर मात्र मोत्यासारखं.

आमच्या जन्माला कारण झाला तो फंडाचा कायदा. त्या सालापासून कौलांच्या कारखान्यांनाही तो लागू झाला. भिवाजीनं सगळ्यांना फाटकापाशी बसवून समजावलं होतं, म्हणून मलाही तो पाठ झाला. मजुराच्या रुपयातला एक आणा कापायचा, मालकानं आपला एक आणा त्यात घालायचा आणि दोन्ही सरकारच्या फंडात त्या मजुराच्या नावावर ठेवायचे. हात थकले की ते पैसे त्याचे. मध्येच मेला तर त्यानं ज्याचं नाव लिहून दिलं त्याचे. बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही, मालकानं नाही, सावकारानं नाही. अट एकच, वर्षभर सलग काम झालेलं पाहिजे. कोण सलग आला हे कळावं म्हणून हजेरी चोख हवी, आणि हजेरी चोख हवी म्हणून आम्ही.

मला ज्याच्या हातात दिलं तो कान्हू. मालेच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी आहे, दहा-बारा घरांची. उंच, बारीक, फारसा न बोलणारा माणूस. भात कापताना विळा लागून त्याच्या डाव्या अंगठ्यावर आडवा व्रण पडला होता. भिवाजीनं फंडाच्या अर्जावर त्याचा अंगठा उठवला, तर निळ्या ठशाच्या मधोमध पांढरी रेघ आली. पुन्हा उठवला, पुन्हा रेघ. कान्हू ओशाळून म्हणाला, ती तशीच येनार, कारकून. पैसे माघारी कुणाला द्यायचे म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं बायकोचं नाव सांगितलं. सखू.

कान्हू मला करगोट्याला बांधायचा. त्याच्या घामानं मी पहिल्याच वर्षी काळवंडलो, पण तक्रार नव्हती. घरी गेलं की त्याची आई बाळाबाई मला हातात घेऊन बघायची. त्या म्हातारीनं जन्मभर डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून पौडच्या बाजारात विकल्या. साठी उलटली तरी वाहतच होती, मान कायमची एका बाजूला कललेली. तिला बघून कान्हू सखूला म्हणायचा, तुला म्हातारपणी मोळी उचलू द्यायची न्हाई. ह्यो आणा त्याच्यासाठीच हाय. मित्रांनो, ते ऐकताना मला केवढा अभिमान वाटायचा! पितळेचा असलो म्हणून काय झालं.

आता या लोकांची एक रीत सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्या रीतीतूनच झाला. आषाढात भातलावणी लागली की वाडीचे गडी चार-आठ दिवस शेतावर जायचे. पण कारखान्यात खाडा पडला तर सलगपणा मोडायचा. मग घरातलं जे रिकामं असेल ते बिल्ला घेऊन यायचं. आज भाऊ, उद्या बायको. माती वाहायची न् कौलं मांडायची, त्यात कोण आलं याचं कुणाला काय? भिवाजी गडी बघायचा नाही, बिल्ला बघायचा. त्या लोकांच्या लेखी मी कान्हूचा नव्हतोच, मी कान्हूच्या घरचा होतो. जसं घरचं जातं, घरची कुदळ. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

साठ सालच्या भादव्यात कान्हूला ताप भरला. चार दिवस सखू घरी त्याच्याजवळ बसली आणि त्याचा भाऊ बारकू माझ्यासकट कामावर आला. पाचव्या दिवशी बारकूला स्वतःच्या शेतावर जाणं भाग होतं. सखू उठेना. तेव्हा कान्हूनंच उशाशी ठेवलेल्या मला उचललं, तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "खाडा पडू देऊ नको."

ती आली. भिवाजीनं नाव पुकारलं, तिनं हुंकार भरला, मला हजेरीच्या पाटीवरच्या खिळ्याला टांगलं आणि मांडवात गेली. दुपारी बारकू धावत आला तो थेट तिच्याकडे. कान्हू गेला होता. ती धावत सुटली, मला न्यायचं भान तिला कुठलं राहायला! मी पाटीवर लटकत राहिलो. भिवाजीच्या पुस्तकात त्या दिवशी कान्हू हजर आहे. मित्रांनो, माझं पहिलं खोटं ते.

कान्हूचं दहावं-तेरावं होईपर्यंत पुन्हा बारकूच मला आणत होता. ते उरकल्यावर सखू मला परत द्यायला आली. पदराच्या गाठीतून सोडून भिवाजीच्या मेजावर ठेवलं. भिवाजीनं मला उचललं नाही. त्यानं चष्मा पुसला आणि तिला खरं काय ते सांगितलं. आता नवा बिल्ला कुणाला मिळत नाही. नवं माणूस चिठ्ठीवर घेतात, अकरा महिने झाले की घरी पाठवतात, महिन्यानं पुन्हा नवी चिठ्ठी. म्हणजे वर्ष कधी भरत नाही आणि फंडात नाव कधी जात नाही. हैबतरावांची ही युक्ती साऱ्या कारखान्याला ठाऊक होती. बिल्ला सोडलास तर तूही त्यातच जाशील, भिवाजी म्हणाला.

हैबतराव आतून ऐकत होते. ते बाहेर आले, दोन शब्द हळहळले आणि म्हणाले की कान्हूच्याच नावावर येत जा, हजेरी चालू राहील, फंडही चालू राहील, मरणाच्या दाखल्याची दगदग नको. केवढा मोठेपणा वाटला म्हणता तिला! महिना भरल्यावर कळलं. पगारपत्रकावर कान्हूची गड्याची मजुरी, अंगठा सखूचा आणि तिच्या हातावर बाईची मजुरी. मधला फरक हैबतरावांच्या कनवटीला. सखूनं एकदा विचारलं तर ते गोड हसून म्हणाले, मग बिल्ला ठेव की मेजावर.

तिनं ठेवला नाही. कान्हूचे चार वर्षांचे आणे होते त्यात, आणि आता तिचे पडत होते. घरी मोळी वाहणारी सासू होती. ठेवायचा कसा?

त्या वाडीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सखूनं त्याच्या जिवंतपणी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. आणि आता रोज सकाळी लोखंडाच्या तुकड्यावर ठोके पडले की भिवाजी फाटकात उभा राहून पुकारायचा, "कान्हू!" आणि ती म्हणायची, "हाय." मग मला टांगायची. पहिल्या दिवसांत ती एवढ्या घाईनं टांगायची की मी खिळ्यावर वाजायचो. पुढं पुढं ती घाई थांबली. मला तर वाटतं, नंतर नंतर ती त्या हाकेची वाट बघायची. दिवसातून एकदा कुणीतरी त्याला बोलवत होतं आणि तो कामावर हजर होता. हे चूक होतं हे मला कळत होतं. तरी मी गप्प राहिलो, कारण मला दुसरं काय येतं?

चौसष्ट सालच्या पौषात फंडाचे साहेब तपासणीला आले.

ते येणार हे हैबतरावांना आदल्या दिवशीच कळलं होतं. त्यांनी चिठ्ठीवाल्या साऱ्यांना दिवसभर डोंगराआड लाकूड तोडायला धाडलं. सखूला खाणीच्या तळाशी मातीवर लावलं आणि मला बारकूच्या हातात दिलं. साहेबांनी नाव विचारलं तर कान्हू सांग, बाकी नुसतं व्हय म्हण, एवढंच त्याला शिकवलं. बारकू गरीब माणूस, त्यानं मान हलवली.

साहेब एस.टी.नं पौडपर्यंत आले आणि पुढं चालत. ठेंगणे, सर्दी झालेले, काखेत कापडी पिशवी. हैबतरावांनी आत खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. चहा नाकारला. डबा बरोबर आणलाय म्हणाले. मांडवाच्या तोंडाशी एक खोकं उलटं घालून बसले, गुडघ्यावर कागद पसरले आणि पिशवीतून एक भिंग काढलं. मग भिवाजीला म्हणाले, एकेक नंबर बोलवा. प्रत्येकानं यायचं, बिल्ला समोर ठेवायचा आणि कोऱ्या कागदावर डावा अंगठा उठवायचा. साहेब तो ठसा घ्यायचे, जुन्या अर्जावरच्या ठशाशी आणि पगारपत्रकाशी ताडून बघायचे, नाक ओढायचे आणि म्हणायचे, पुढचा. घाई नाही, बडबड नाही. मला त्या माणसाची मनापासून भीती वाटली.

त्रेचाळिसाला दुपार झाली. बारकूनं मला ठेवलं, अंगठा उठवला. साहेबांनी भिंग लावलं. अर्ज बघितला, मग पत्रकं काढली, साठ सालची, एकसष्टची, बासष्टची. पुन्हा अर्ज. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि बारकूकडे न बघता भिवाजीला विचारलं, "कारकून, या माणसाला अंगठे किती?"

साहेबांनी तिन्ही ठसे त्याच्यासमोर मांडले.

"पहिल्या ठशात आडवी रेघ आहे. साठच्या श्रावणापर्यंत प्रत्येक महिन्यात आहे. भाद्रपदानंतर ठसा लहान झाला आणि रेघ गेली. आणि आजचा अंगठा या दोन्हींपेक्षा मोठा आहे. एका माणसाचे तीन अंगठे माझ्या नोकरीत मी पहिल्यांदाच बघतोय."

बारकू रडकुंडीला आला. हैबतराव पुढं सरसावले, पण त्यांच्या आधी भिवाजीनं चष्मा काढला. त्याच्या घरी तीन लेकी लग्नाच्या होत्या हो! तो म्हणाला, "साहेब, कान्हू न्हाई. चौथं वरीस लागलं त्याला जाऊन."

मग काय, हैबतरावांचा गोडवा एका क्षणात उतरला. त्यांनी सगळं खापर सखूवर आणि भिवाजीवर फोडलं. म्हणाले, आपल्याला कान्हू मेल्याचं कुणी कळवलंच नाही. ती बाई कधीमधी यायची, बाकीचे दिवस कारकुनानं खोटी हजेरी भरली आणि पैसे दोघांनी वाटून घेतले. खातं रद्द करा, दोघांना काढून टाकतो. मी समोर कागदावर पडलो होतो. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती. माझ्या भोकाची कड बघा म्हणावं! एका बाजूला करगोट्याच्या दोऱ्यानं झिजली आहे आणि दुसऱ्या बाजूला पदराच्या गाठीनं. पण बिल्ल्याला कोण विचारतो?

साहेबांनी बाईला बोलवायला सांगितलं. सखू खाणीतून वर आली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. कान्हू कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

"ते गेलं. भादव्यात. चौथं साल हाय."

"मग ही हजेरी कुणाची?"

"माजी."

"नाव पुकारल्यावर हजर कोण म्हणायचं?"

"मीच."

"का?"

सखू माझ्याकडे बघत होती. "त्यांनी सांगितलं व्हतं. खाडा पडू देऊ नको."

साहेबांनी नाक ओढलं. मग त्यांनी जे सांगितलं ते तिच्यासाठी सोपं करून सांगितलं. कान्हूचा मृत्यू नोंदला गेला की त्याच्या नावावरचे पैसे तिचेच आहेत, त्याला कुणी आडवं येणार नाही. पण नंतरची तीन वर्षं कागदावर एका मेलेल्या माणसाची आहेत. ती तिची ठरायची तर ती रोज इथं राबली हे दुसऱ्या कशानं तरी सिद्ध व्हायला हवं. नाहीतर ती वर्षं कुणाचीच नाहीत. आणि कारखाना म्हणतोय ती कधीमधी यायची. त्यांनी मान वर करून सगळ्यांना विचारलं, हिला रोज कामावर बघितलेलं कुणी आहे का?

चाळीसएक माणसं उभी होती. रोज तिच्या शेजारी कौलं मांडणारी. एकानंही तोंड उघडलं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही, मित्रांनो. प्रत्येकाच्या घरचा बिल्ला कधी ना कधी दुसऱ्या कुणी आणलेला होता. प्रत्येकाला वाटलं, बोललो तर उद्या माझा अंगठा बघतील. आणि हैबतराव एकेकाच्या तोंडाकडे बघत उभे होते.

सखूनंही कुणाला विनवलं नाही. ती वळली आणि भट्टीमागं फुटक्या कौलांचा ढीग असतो तिकडे चालू लागली. साहेबांना वाटलं ती निघून चालली. पण भिवाजी एकदम ताठ उभा राहिला, त्याला कळलं होतं. तो साहेबांना घाईघाईनं म्हणाला, शेकड्याचं कौल, साहेब, शेकड्याचं कौल!

हे तुम्हाला सांगायला हवं. मांडवात ओली कौलं मांडणाऱ्यांना मोजता येत नाही असं नाही, पण लिहिता येत नाही. म्हणून शंभर कौलं मांडून झाली की शंभराव्या कौलाच्या पोटाकडच्या बाजूला आपला डावा अंगठा दाबायचा. संध्याकाळी अंगठे मोजले की किती शेकडे झाले ते कळतं. माती ओली असते, अंगठा उमटतो, भट्टीत जाऊन पक्का होतो. आणि त्याच बाजूला कारखान्याचा छाप असतो, त्यात साल. दर दिवाळीनंतर साच्यात नवं साल बसवतात. बिल्ला कुणीही टांगेल, पण अंगठा ज्याचा त्यालाच दाबावा लागतो.

सखू ढिगावर बसून एकेक तुकडा उलटा करत होती. हातात धरायची, चिखल पदरानं पुसायची, बाजूला टाकायची. ढीग केवढा, सात-आठ वर्षांचा! सगळे बघत उभे. मग एक म्हातारा भट्टीवाला, बहिरू त्याचं नाव, काही न बोलता गेला आणि दुसऱ्या टोकानं उलटायला लागला. मग बारकू गेला. मग दोघी-तिघी बाया. शेवटी साहेबांखेरीज मांडवापाशी हैबतराव आणि एक कुत्रं एवढेच राहिले. साहेबांपुढं साक्ष द्यायला कुणाचं तोंड उघडलं नव्हतं, पण हात आपोआप चालले. मला तर वाटतं, त्यांना तेवढंच जमण्यासारखं होतं.

ऊन कलेपर्यंत साहेबांसमोर कौलांची रांग लागली. त्यांनी सखूचा अंगठा कागदावर घेतला आणि एकेक कौल भिंगाखाली धरलं. तिच्या अंगठ्याला चक्र आहे, आणि चक्राच्या डाव्या बाजूला एक रेषा फुटून दोन होतात. भट्टीत कौल आकसतं म्हणून ठसा जरा लहान, पण फुटलेली रेषा तिथंच. एकसष्टची चार कौलं. बासष्टची पाच. त्रेसष्टची तर सातआठ. साहेब नाक ओढत लिहीत होते आणि हैबतराव घाम पुसत होते.

तेवढ्यात ठसा देऊन सखू पुन्हा ढिगापाशी गेल्याचं भिवाजीच्या लक्षात आलं. तिच्या हातात अख्खं कौल होतं, फक्त कडेचा कान तुटलेला. अठ्ठावन्न साल. पोटाशी मोठा अंगठा आणि त्यात आडवी रेघ. तिनं त्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. तो आत बसून वर जागा उरली. "हे मी नेते," ती म्हणाली, आणि परवानगी कुणाची मागितली हे कुणालाच कळलं नाही. साहेबांनी मान हलवली.

साहेबांनी तीन कौलं पुरावा म्हणून आपल्या पिशवीत घातली आणि ते ओझं वाहत पौडच्या रस्त्याला लागले. मीही पुरावाच होतो, पण माझ्यावर चिठ्ठी चिकटवून मला भिवाजीच्या मेजाच्या खणात ठेवलं. सखूनं कौल छातीशी धरून नेलं. माझ्याकडे तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खणात होतो, पण खण उघडा होता. लोखंडावर ठोके पडले. साहेबांच्या हुकमानं सखूला एकाहत्तर नंबरचा नवा बिल्ला मिळाला होता, आणि भिवाजीचा तो शेवटचा आठवडा, त्याला काढल्याचं पत्र त्याच्या खिशात होतं. त्यानं बेचाळीस पुकारला, चव्वेचाळीस पुकारला. मधलं नाव गाळलं. शेवटी त्यानं पुकारलं, "सखू."

कुणी ओ दिली नाही. ती समोरच उभी होती. पाटीवरच्या माझ्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होती. "सखू," भिवाजीनं पुन्हा हाक मारली. तिला कळेचना की ते आपलं नाव आहे. तिसऱ्यांदा तो अगदी हळू म्हणाला, "सखूबाई, तुलाच बोलावतोय." तेव्हा ती "हाय" म्हणाली आणि तिथंच पाटीखाली बसून ढसाढसा रडली. साडेतीन वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा ऐकलं. कान्हू त्या दिवशी खरा मेला.

कागद हलायला चौदा महिने लागले. भिवाजी घरी बसला होता, त्याचा स्वतःचा फंड मात्र कुणाला अडवता आला नाही, त्यात त्यानं एका लेकीचं लग्न उरकलं. निघताना त्यानं मला खणातून खिशात टाकलं होतं. फंडाच्या कचेरीचं पत्र सखूला आलं, तेव्हा ते वाचून दाखवायला तो काठी टेकत वाडीवर चढला आणि मला घेऊन गेला. कान्हूचे सगळे आणे, मालकाच्या आण्यांसकट, सखूला मंजूर. आणि भादव्यापासूनची वर्षं सखूच्या स्वतःच्या नावावर, एकही खाडा न धरता. भिवाजीनं ते वाक्य दोनदा वाचलं.

चांगलं झालं ना? हो, झालं. पण सगळं नाही झालं. मजुरीतला जो फरक हैबतरावांच्या कनवटीला गेला तो परत आला नाही, ते म्हणे दुसऱ्या खात्याचं काम. आणि त्या खात्याचं कुणी भिंग घेऊन आलं नाही. हैबतराव अजून तिथंच आहेत, गोड बोलतात. चिठ्ठ्या बंद झाल्या, एवढं खरं. आणि बाळाबाई पत्राच्या दोन महिने आधी गेली. पौडच्या चढावर मोळी खाली उतरवून ती बसली ती उठलीच नाही.

भिवाजीनं मला सखूच्या हातावर ठेवलं. तिनं उलटंपालटं करून बघितलं आणि दाराजवळच्या मेढीच्या खांबाला खिळा ठोकून टांगलं, आकडा आतल्या बाजूला करून. मी तसाच आहे. मेढीकडे तोंड करून. मला टाकून दिलं नाही, पण माझा आकडाही तिला बघायचा नाही. हे मला पटतं. चिंचेनं घासलं असतं तर मी अजून चमकलो असतो, पण त्यासाठी मी अडून बसणार नाही.

वाऱ्यानं मी कधी कधी फिरतो आणि मग मला वर दिसतं. अठ्ठावन्न सालचं ते कौल तिनं अंथरुणाच्या बरोबर वर बसवलंय. कौलाची पोटाची बाजू घरातूनच दिसते ना, त्यामुळं उताणं झोपलं की तो अंगठा थेट डोळ्यांसमोर येतो. पहाटे उठायच्या आधी ती थोडा वेळ तिकडे बघते. मग एकाहत्तर नंबर गाठीला बांधून कामावर जाते.

मित्रांनो, एक मागणं आहे. या मुळशीत शेकडो घरांवर आमच्या कारखान्याची कौलं आहेत. तुमच्या घराला असली तर आज आत उताणे पडून नीट वर बघा. एखाद्या कौलाला अंगठा दिसेल. पुस्तकात त्या दिवशी कुणाचं नाव हजर होतं ते तिथं लिहिलेलं नसतं. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, हा अंगठा कुणाचा? त्यांना माहीत नसलं तर आमच्या वाडीवर या. सखू ओळखते.